ठरल्या वाटेचं उड्डाण : ‘स्टार फॉक्स’ची जन्मकथा

१९८९च्या एप्रिलमध्ये जपानात ‘गेम बॉय’ विक्रीला आला, तेव्हा निन्टेन्डोने त्याच्या दारावर एक पहारेकरी बसवला होता. यंत्र सुरू केलं की कंपनीचं नाव पडद्याच्या वरच्या कडेवरून संथपणे खाली उतरायचं आणि मधोमध येऊन थांबायचं. हे नाव यंत्र वाचायचं कार्ट्रिजमधून, म्हणजे आपल्याकडची मुलं ज्याला ‘कॅसेट’ म्हणत त्या प्लास्टिकच्या डबीतून. ते यंत्रातल्या नमुन्याशी तंतोतंत जुळलं तरच खेळ सुरू होई. परवान्याशिवाय खेळ काढू पाहणाऱ्याला ते नाव आपल्या कार्ट्रिजमध्ये घालावंच लागणार, आणि घातलं की तो ट्रेडमार्कच्या कायद्यात अडकणार, असा हा बंदोबस्त होता.

लंडनच्या आर्गोनॉट सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीतल्या पोरांनी त्यात फट शोधली. यंत्र ते नाव दोनदा वाचतं, एकदा दाखवण्यासाठी आणि एकदा पडताळण्यासाठी, हे त्यांच्या लक्षात आलं. मग एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर, म्हणजे कवडीमोलाचे दोन सुटे भाग, अशा रीतीने जोडले की पहिल्या वाचनाला पडद्यावर ‘आर्गोनॉट’ उतरावं आणि दुसऱ्या वाचनाला यंत्राला ‘निन्टेन्डो’ सापडावं. कंपनीचे संस्थापक जेझ सॅन यांनी पुढे मुलाखतींमधून ही युक्ती मोकळेपणाने सांगितली आहे. त्या फटीतून आत शिरून त्यांनी गेम बॉयच्या चिमुकल्या, करड्या-हिरव्या पडद्यावर रेषांनी बनलेली त्रिमितीय दृश्यं हलवून दाखवली आणि तो नमुना थेट निन्टेन्डोच्याच लोकांपुढे ठेवला. निन्टेन्डोची ख्याती पाहता वकिलांची नोटीस यायला हवी होती. आलं ते क्योटोला भेटीचं बोलावणं. हे वर्ष १९९०.

त्या भेटीतून जे निघालं ते तीन वर्षांनी ‘स्टार फॉक्स’ या नावाने दुकानांत आलं. व्हिडिओ गेमच्या इतिहासात त्याचा उल्लेख बहुधा ‘घरच्या यंत्रावरचा गाजलेला त्रिमितीय खेळ’ एवढ्यावर आटोपतो. पण एका यंत्राच्या दुबळेपणातून एक घाट कसा घडला, आणि तो घडवणाऱ्यांपैकी कोणाच्या पदरात काय पडलं, हे पाहायला लागलं की ही हकीकत फार मोठी होते.

आधी आर्गोनॉटविषयी. जेझ सॅन यांनी १९८२ साली, वयाची विशीही गाठली नव्हती तेव्हा, ही कंपनी काढली. १९८६ साली त्यांचा ‘स्टारग्लायडर’ आला. अटारी एसटी, अमिगा अशा घरगुती संगणकांवर नुसत्या रेषांच्या सांगाड्यांमधून उडणारं एक यान त्यात होतं. त्याची पूर्वज मंडळी आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या दालनांत, सापडतात. १९८३ साली अटारीने ‘स्टार वॉर्स’ चित्रपटावरून काढलेल्या आर्केड यंत्रात चकाकत्या रेषांचं आकाश होतं. १९८५ साली सेगाच्या यू सुझुकी यांनी ‘स्पेस हॅरियर’ बनवला. त्यात झाडं, खांब, राक्षस सगळे सपाट चित्रांचेच असत, पण ती चित्रं भराभर मोठी होत अंगावर येत, आणि खेळणारा वाऱ्याच्या वेगाने पुढे ओढला जाई. इथे एक प्रकार आकाराला आला. यान किंवा योद्धा ठरल्या वाटेने आपोआप पुढे जाणार, खेळणाऱ्याने त्या वाटेच्या रुंदीत डावी-उजवीकडे, वर-खाली सरकत गोळ्या चुकवायच्या आणि नेम धरायचा. रुळांवरून चालल्यासारखा म्हणून तो ‘रेल शूटर’. १९९१ साली नामकोचा ‘स्टारब्लेड’ आला आणि रंगीत, भरीव बहुकोनांनी बनलेली महाकाय अंतराळयानं आर्केडमध्ये डोळ्यांसमोरून सरकू लागली.

मात्र हे सगळं महागड्या, खास बनवलेल्या यंत्रांवर चाले. घरच्या टीव्हीला जोडायच्या यंत्रात ती ताकद नव्हती. निन्टेन्डोचा सुपर फॅमिकॉम (जपानबाहेर सुपर एनईएस) नोव्हेंबर १९९० मध्ये जपानात आला. रंगांत आणि आवाजात तो श्रीमंत होता. एक सपाट चित्र फिरवून, तिरकं करून जमिनीसारखं दाखवायची कला त्याला येत होती, आणि ‘एफ-झीरो’सारखे शर्यतीचे खेळ त्याच कलेवर उभे होते. पण त्याचा मुख्य प्रोसेसर चालायचा जेमतेम ३.५८ मेगाहर्ट्झने, आणि तोही सर्वाधिक वेगात असताना. शिवाय त्याची चित्र काढण्याची पद्धत त्रिमितीला मुळातच प्रतिकूल होती. पडदा आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटींनी भरायचा, आणि एकेका ठिपक्याचा रंग स्मृतीत अनेक ठिकाणी विखुरलेला. रांगोळीतला एकच ठिपका बदलायचा, पण त्याच्या रंगाची चिमूट चार निरनिराळ्या डब्यांतून गोळा करायची, असा तो प्रकार. सपाट चित्रं चिकटवायला ही व्यवस्था उत्तम. एखादा त्रिकोण ठिपक्या-ठिपक्याने रंगवायचा म्हटलं की यंत्राचा जीव जाई.

आर्गोनॉटने याही यंत्रावर आपला नमुना बांधला होता. सॅन यांचं निन्टेन्डोला सांगणं असं होतं की याहून चांगलं हवं असेल तर आम्हाला स्वतंत्र चिप बनवू द्या, त्रिमितीचं काम दहापट वेगाने करून दाखवू. त्या वेळी आर्गोनॉटने एकही चिप बनवलेली नव्हती. तरीही निन्टेन्डोने होकार दिला आणि पैसेही दिले. ही धिटाई कुठून आली ते समजून घेण्यासारखं आहे. निन्टेन्डोसाठी कार्ट्रिज हे नुसतं साठवणीचं साधन कधीच नव्हतं. यंत्र विकून झाल्यावरही कार्ट्रिजमध्ये नवे भाग घालून त्याला नव्या गोष्टी शिकवता येतात, हे त्यांनी आधीच्या फॅमिकॉमपासून अनुभवलं होतं. सुपर फॅमिकॉमच्या ‘पायलटविंग्ज’मध्येही गणितासाठी एक वेगळी चिप होतीच. आर्गोनॉटचा प्रस्ताव या वाटेवरचं पुढचं पाऊल होता, पाऊल लांब असलं तरी.

सॅन यांनी बेन चीझ, रॉब मॅकॉली आणि जेम्स हेकविल यांना कामाला लावलं. चीझ हे फ्लेअर टेक्नॉलॉजी या ब्रिटिश हार्डवेअर कंपनीतून आलेले. प्रोग्रामरांना नक्की काय लागतं ते आधी ठरवायचं आणि तेवढंच चिपमध्ये बसवायचं, अशी त्यांची रीत होती. गुणाकार वेगाने व्हावा, कारण बिंदू अवकाशात फिरवायचे तर गुणाकारांचा पाऊस पडतो. आणि ‘या जागी हा रंगाचा ठिपका टाक’ अशी एकच आज्ञा असावी, म्हणजे डब्या-डब्यांतून रंग गोळा करायची कटकट चिपने परस्पर निस्तरावी. निन्टेन्डोच्या सर्वांत लाडक्या नायकाचं नाव साधावं म्हणून आद्याक्षरं जुळवून तिला ‘मारिओ चिप’ म्हटलं गेलं. बाजारात ती ‘सुपर एफएक्स’ म्हणून ओळखली गेली. ती साडेदहा मेगाहर्ट्झने चाले, म्हणजे ज्या यंत्रात ती खोचायची त्याच्या प्रोसेसरच्या जवळजवळ तिप्पट वेगाने. त्रिमितीच्या काही कामांत दहापटीचं वचन मागे टाकून चाळीसपटीपर्यंत मजल गेली, असं सॅन सांगतात. सुपर एनईएस म्हणजे आमची चिप ठेवायची पेटी, अशी थट्टा आर्गोनॉटमध्ये चालायची.

चिपचं काम इंग्लंडमध्ये चालू असताना खेळाचं काम क्योटोत सुरू झालं. डिलन कथबर्ट, जाइल्स गोडार्ड आणि क्रिस्टर वॉम्बेल हे तिघे तरुण प्रोग्रामर तिकडे गेले. कथबर्ट यांनी त्याआधी गेम बॉयच्या त्या नमुन्यातून ‘एक्स’ नावाचा खेळ पूर्ण केला होता. तो १९९२ साली फक्त जपानात निघाला. आता त्यांच्यासमोर बसले होते निर्माते शिगेरु मियामोतो, दिग्दर्शक कात्सुया एगुची, रचनाकार योइची यामादा आणि चित्रकार ताकाया इमामुरा. एकीकडे यंत्राच्या पोटात हात घालून वेग काढणारे इंग्रज, दुसरीकडे खेळणाऱ्याच्या मनात पुढच्या क्षणी काय येईल याचा हिशेब मांडणारे जपानी. एकमेकांची भाषाही धड येत नसलेल्या या दोन गटांमधली वाटणी सोपी नव्हती, पण ती फळली. माझ्या मते ‘स्टार फॉक्स’चं सगळं यश या वाटणीत आहे.

आर्गोनॉटच्या परंपरेप्रमाणे सुरुवातीचा नमुना मोकळ्या उड्डाणाचा होता: वाट्टेल तिकडे वळा, वाट्टेल तिथे जा. प्रोग्रामरला त्यात यंत्रावर मात केल्याचा आनंद असतो. पण चिप कितीही चलाख असली तरी चारी दिशांना दिसेल तेवढं जग उभं करणं तिला झेपत नव्हतं, आणि रिकाम्या अवकाशात भरकटणाऱ्या खेळणाऱ्याला करण्यासारखंही फारसं काही नव्हतं. वाट ठरवून टाकली तर दोन्ही अडचणी सुटत होत्या. कोणत्या क्षणी डोळ्यांसमोर किती वस्तू असतील हे रचनाकाराच्या हातात राहणार, आणि चिपला पेलेल तेवढंच ओझं प्रत्येक चौकटीवर टाकता येणार.

ही वाट कशी असावी याचं उत्तर मियामोतोंना निन्टेन्डोच्या कार्यालयापासून जवळच असलेल्या एका देवस्थानात मिळालं. फुशिमी इनारी हे क्योटोतलं प्राचीन शिंतो तीर्थ. डोंगर चढत जाणाऱ्या पायवाटेवर केशरी-लाल रंगाच्या हजारो तोरी कमानी एकामागून एक उभ्या आहेत, आणि इनारी देवतेचा दूत म्हणजे कोल्हा. कमानींमधून पुढे पुढे जात राहण्यातला आनंद खेळात यावा, आणि नायक कोल्हा असावा, या दोन्ही कल्पना मियामोतोंनी तिथून घेतल्या. ‘स्टार फॉक्स’मध्ये आजही पाहिलं तर कमानी, चौकटी, इमारतींमधल्या फटी जागोजागी सापडतात. त्यांतून यान नेमकं नेणं हे नेमबाजीइतकंच महत्त्वाचं आहे.

बाकीची पात्रंही अशीच जपानी मातीतून आणि टीव्हीवरच्या आठवणींतून आली. नायक फॉक्स मॅक्‌क्लाउडच्या सोबतीला ससा पेपी, बेडूक स्लिपी आणि बहिरी ससाणा फाल्को. कॉर्नेरिया ग्रहाचं सैन्य कुत्र्यांचं, आणि शत्रू अँड्रॉस हा माकड. जपानीत कमालीच्या वैराला कुत्र्या-माकडाची उपमा देतात, तिचा हा उपयोग. ‘थंडरबर्ड्‌स’ या ब्रिटिश बाहुल्यांच्या मालिकेचं मियामोतोंना आकर्षण होतं, म्हणून खेळाच्या वेष्टनावर चक्क या प्राण्यांच्या बाहुल्यांचे फोटो छापले गेले. हाजिमे हिरासावा यांचं संगीत मात्र पूर्ण वाद्यवृंदाच्या थाटाचं होतं, आणि समोरचे बहुकोन कितीही ओबडधोबड असले तरी ते संगीत त्यांना युद्धाचं गांभीर्य देत होतं.

खेळायला बसलं की काय घडतं? कॉर्नेरियाच्या इमारतींवरून ‘आरविंग’ नावाचं यान झेपावतं. एखाद्या सोबत्याच्या मागे शत्रूचं यान लागतं, पडद्याच्या कोपऱ्यात त्याचा चेहरा उमटतो, तो अगम्य बडबडीच्या आवाजात मदत मागतो. पाठलाग करणारं ते यान टिपलं तर तो आभार मानतो, चुकून त्यालाच गोळी लागली तर चिडतो. दोन्ही बाजूंनी मारा सुरू झाला की यानाला गिरकी द्यायची, गोळ्या परतून जातात. नकाशावर व्हेनम ग्रहाकडे जाणाऱ्या तीन वाटा आहेत, सोपी, मधली आणि अवघड, आणि प्रत्येकीतलं बरंचसं जग वेगळं आहे. काही वाटा लपलेल्याही आहेत. त्यांतली एक खेळणाऱ्याला भलत्याच मितीत नेऊन जुगाराच्या यंत्रासारख्या शेवटच्या शत्रूसमोर उभं करते. म्हणजे रुळ होते, पण ते सांधे बदलत जाणारे रुळ होते.

तांत्रिक मर्यादा कुठेही लपलेल्या नाहीत. पृष्ठभाग बहुतेक एकरंगी. चित्रं हलतात ती सेकंदाला वीसच्या आसपास, गर्दी झाली की त्याहूनही हळू. चिपने तयार केलेलं चित्र मुख्य यंत्राच्या स्मृतीत हलवायला वेळ मिळावा म्हणून पडद्याच्या कडांना काळी चौकट ठेवलेली. परंतु या काटकसरीत एक शिस्त दिसते. चार त्रिकोणांत यान ओळखता यायला हवं, सहा चौकोनांत शत्रू भीतिदायक वाटायला हवा. कमीत कमी आकारांतून ओळख निर्माण करायचं हे कौशल्य मोठं आहे. नंतरच्या काळात शेकडोपट ताकदीच्या यंत्रांवरचे कितीतरी खेळ जुनाट वाटू लागले, पण आरविंगचा तो कागदी विमानासारखा टोकदार आकार अजून ताजा वाटतो याचं कारण हेच असावं.

२१ फेब्रुवारी १९९३ रोजी ‘स्टार फॉक्स’ जपानात आला, पुढच्याच महिन्यात अमेरिकेत आणि जूनमध्ये युरोपात. तिकडे स्टारव्हॉक्स नावाच्या एका जर्मन कंपनीशी नावाचा गोंधळ होऊ नये म्हणून तो ‘स्टारविंग’ झाला. जगभरात त्याच्या ४० लाखांच्या आसपास प्रती खपल्या. महाराष्ट्रात तेव्हा आठ बिटांच्या नकली यंत्रांवर ‘कॉन्ट्रा’ आणि ‘मारिओ’ खेळले जात होते. सुपर एनईएस आपल्या घरांत फारसा आलाच नाही, त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेकांची या खेळाशी ओळख झाली ती कितीतरी वर्षांनी, संगणकावरच्या एम्युलेटरमधून.

परिणाम लगेच दिसले. सेगाने १९९४ साली मेगा ड्राइव्हसाठी ‘व्हर्च्युआ रेसिंग’ काढला तोही कार्ट्रिजमध्ये खास चिप घालूनच. अमेरिकेत त्याची किंमत १०० डॉलरच्या घरात गेली. कार्ट्रिजमध्ये ताकद भरायची वाट किती खर्चिक आहे, हे त्या किमतीने दाखवून दिलं. सुपर एफएक्सवरही मोजकेच खेळ निघाले. ‘स्टंट रेस एफएक्स’, ‘व्होर्टेक्स’, आणि चिपच्या सुधारित आवृत्तीवर ‘डूम’. या सुधारित चिपचा सर्वांत सुंदर वापर १९९५ च्या ‘योशीज आयलंड’मध्ये झाला, आणि तो खेळ मुख्यतः सपाट चित्रांचा. त्रिमितीसाठी जन्मलेली चिप तिथे चित्रं ताणायला, फुगवायला आणि फिरवायला राबली.

तोवर काळ पुढे सरकला होता. १९९४ च्या अखेरीस जपानात सेगाचा सॅटर्न आणि सोनीचा प्लेस्टेशन आले. त्रिमिती आता यंत्रातच होती, कार्ट्रिजमधून आणायची गरज उरली नव्हती. नेमका याच वेळी ‘स्टार फॉक्स २’ जवळपास तयार झाला होता. कथबर्ट आणि मंडळींनी या वेळी रुळ बरेचसे उखडून टाकले होते. नकाशावर शत्रूची क्षेपणास्त्रं कॉर्नेरियाकडे सरकत असत, खेळणारा कुठे धावायचं ते स्वतः ठरवत असे, आणि यान जमिनीवर उतरून पायांवर चालू शके. आठ वर्षांच्या मेहनतीने मोकळ्या उड्डाणाचं ते जुनं स्वप्न ‘स्टारग्लायडर’पासून इथवर आलं होतं. पण निन्टेन्डोचं ६४ बिटांचं नवं यंत्र दाराशी होतं. नव्या त्रिमितीशेजारी जुनी दिसू नये असं मियामोतोंचं मत पडल्याचं कथबर्ट यांनी सांगितलं आहे. १९९५ साली, पूर्ण होत आलेला तो खेळ कपाटात गेला. धंद्याच्या हिशेबाने हा निर्णय समजतो. तरी ज्यांनी तो घडवला त्यांच्यावर हा अन्याय होता, असंच मला वाटतं.

त्यातल्या कल्पना वाया गेल्या नाहीत. १९९७ च्या ‘स्टार फॉक्स ६४’मध्ये मोकळ्या मैदानातल्या लढाया आल्या, पण मुख्य खेळ पुन्हा रुळांवर आला, सांध्या-सांध्यावर फाटे फुटणाऱ्या वाटांसह. सोबत कंट्रोलरला जोडायचा थरथरणारा भागही आला. त्यात आर्गोनॉटचा मात्र हात नव्हता. निन्टेन्डोशी असलेले संबंध तोवर संपले होते. सॅन यांच्या सांगण्यानुसार त्यांनी योशी या निन्टेन्डोच्याच पात्राला घेऊन त्रिमितीय खेळ करायची कल्पना निन्टेन्डोपुढे मांडली होती. ती नाकारली गेली, तेव्हा तिचंच रूपांतर १९९७ च्या ‘क्रॉक’मध्ये झालं. प्लेस्टेशनवर तो चांगला चालला. आर्गोनॉट २००४ साली बंद पडली.

चिपची परंपरा मात्र कंपनीपेक्षा दीर्घायुषी ठरली. सुपर एफएक्सच्या कामातून उभ्या राहिलेल्या प्रोसेसर रचनेला आर्गोनॉटच्याच नावावरून ‘आर्क’ म्हटलं गेलं. तिची वेगळी कंपनी झाली, ती लंडनच्या शेअर बाजारात गेली, आणि २०१० साली अमेरिकेच्या सिनॉप्सिसकडे पोचली. गरजेपुरतंच घालायचं, बाकी वगळायचं, हे तिचं मूळ तत्त्व छोट्या उपकरणांना फार सोयीचं पडलं, आणि तिच्यावर बेतलेले प्रोसेसर अब्जावधी चिप्समधून जगभर गेले.

गोडार्ड निन्टेन्डोतच काम करू लागले. ‘सुपर मारिओ ६४’च्या सुरुवातीला गाल ओढता येणारा मारिओचा चेहरा त्यांच्या हातचा. कथबर्ट सोनीत गेले, मग २००१ साली क्योटोतच त्यांनी क्यू-गेम्स ही स्वतःची कंपनी काढली. २००६ साली निन्टेन्डो डीएससाठी ‘स्टार फॉक्स कमांड’ याच कंपनीने बनवला, आणि त्यात नकाशावर वाटा आखायची ती जुनी कल्पना त्यांनी पुन्हा वापरली. कपाटातला ‘स्टार फॉक्स २’ सप्टेंबर २०१७ मध्ये निन्टेन्डोने ‘सुपर एनईएस क्लासिक’ या छोट्या यंत्रात घालून बाहेर काढला, तयार झाल्यानंतर बावीस वर्षांनी. त्या यंत्रात तो उघडण्यासाठी अट एकच होती : आधी मूळ ‘स्टार फॉक्स’मधला पहिला टप्पा, कॉर्नेरिया, पार करायचा.